नकाशा आधी जमिनीवर : भावी शिक्षकांना भूगोल शिकवायला कसं तयार करावं

डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षक पदविकेच्या, नव्या वर्गाला मी सुरुवातीलाच सांगते, ‘उत्तरेकडे हात करा.’ बरेच हात फळ्याकडे जातात, काही थेट छताकडे. यात त्यांचा दोष नाही. शाळेत नकाशा भिंतीवर टांगलेला असतो, त्यात उत्तर वरच्या बाजूला असते, म्हणून ‘उत्तर म्हणजे वर’ हे डोक्यात पक्कं बसतं आणि बारावी होईपर्यंत ते कुणी हलवत नाही. हीच मुलं-मुली दोन वर्षांनी तिसरी-चौथीच्या वर्गावर उभी राहणार आणि तेच पुढे देणार.

साताऱ्यात एका अध्यापक विद्यालयात मी परिसर अभ्यास आणि भूगोलाची अध्यापन पद्धती शिकवते. हे टिपण माझ्यासारख्या अध्यापकाचार्यांसाठी आहे आणि स्वतःच्या स्वतः तयारी करू पाहणाऱ्या छात्राध्यापकांसाठीही. जो भूगोल छात्राध्यापकाने स्वतः चालून, मोजून, काढून पाहिलेला नाही, तो त्याला मुलांपुढे फक्त वाचून दाखवता येतो, असं माझं ठाम मत आहे. म्हणून टाचण (पाठाचा लेखी आराखडा), उद्दिष्टं, शैक्षणिक साहित्य यांच्याकडे वळण्याआधी मी पहिलं सत्र त्यांच्याकडून भूगोल करून घेते. खाली साताऱ्याची उदाहरणं आहेत. तुम्ही तुमच्या गावची घ्या.

काठी आणि सावली

सुरुवात दिशांपासून करा आणि होकायंत्र पहिले काही दिवस कपाटातच ठेवा. मैदानात सपाट जागी एक मीटरची सरळ काठी रोवा, ओळंबा लावून ती उभी आहे ना हे बघा. सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवायचा आणि शेजारी खडूने वेळ लिहायची. सुरू करण्याआधी प्रत्येकाकडून वहीत एक अंदाज लिहून घ्या : सगळ्यांत आखूड सावली किती वाजता पडेल? जवळजवळ सगळे ‘१२ वाजता’ लिहितात.

साताऱ्यात ती १२ ला पडत नाही. आपलं घड्याळ ८२°३०′ पूर्व रेखावृत्तावर, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर चालतं. सातारा आहे ७४° पूर्वेच्या आसपास. साडेआठ अंशांचा फरक, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे ३४ मिनिटं उशीर, सरासरी १२ वाजून ३४ मिनिटांना. वर्षभरात यात आणखी थोडं मागेपुढे होतं : नोव्हेंबरच्या सुरुवातीला आखूड सावली १२ वाजून १८ मिनिटांच्या सुमारास येते, फेब्रुवारीच्या मध्यात पावणेएकच्याही पुढे जाते. रेखावृत्त आणि प्रमाणवेळ हा धडा शाळेत सगळ्यांनी वाचलेला असतो, पण तो खरा वाटतो तो या खड्यांपाशी. सर्वांत आखूड सावलीची रेषा हीच उत्तर-दक्षिण. ती चुन्याने आखून ठेवा, वर्षभर कामाला येते.

दुसरी एक जुनी रीत आहे, तीही करून घ्या. काठीभोवती सुतळीने वर्तुळ आखायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळात शिरताना एक खूण, दुपारनंतर ते बाहेर पडताना दुसरी. या दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिर्गणितात शंकू म्हणतात तो हाच. याला घड्याळ लागत नाही, म्हणून प्राथमिकच्या मुलांसाठी मला ही रीत अधिक आवडते.

हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. आकाश स्वच्छ असतं आणि भर दुपारीही सावली चांगली लांब असते. वर्गात एक गोष्ट मात्र आवर्जून बोला. साताऱ्याच्या अक्षांशावर साधारण १० मे ते १ ऑगस्ट या काळात सूर्य दुपारी आपल्या उत्तरेला असतो, म्हणजे भर दुपारची सावली दक्षिणेकडे पडते. सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनच दिवस, एक मेमध्ये आणि एक ऑगस्टच्या सुरुवातीला. ‘सूर्य रोज दुपारी डोक्यावर येतो’ हे वाक्य कित्येक सराव पाठांत ऐकू येतं. ज्याने वर्षभर सावली पाहिली त्याच्या तोंडून ते पुन्हा येत नाही. ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ याचंही तसंच. नेमका पूर्वेला तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास उगवतो. जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये तो आपल्याकडे पूर्वेपासून जवळजवळ २५ अंश बाजूला सरकलेला असतो. वसतिगृहाच्या गच्चीवरून दर महिन्याला सूर्योदयाची जागा समोरच्या डोंगररांगेच्या चित्रावर नोंदवायला सांगा. संक्रांतीला वर्गात हमखास प्रश्न येतो की उत्तरायण १४ जानेवारीला की २२ डिसेंबरला. उत्तर त्यांच्या चित्रातच असतं : सूर्य डिसेंबरअखेरीसच परत फिरलेला दिसतो.

त्यानंतर होकायंत्र काढा. आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि सावलीची उत्तर यांत फरक फार थोडा असतो. मोबाइलमधलं होकायंत्र मात्र लोखंडी बाकावर ठेवलं की भरकटतं. हेही एकदा मुद्दाम करून दाखवा, कारण शाळेतली बहुतेक बाकं लोखंडीच असतात.

नकाशा काढणं, मग वाचणं

नकाशा वाचायला शिकवण्याआधी काढायला शिकवा. काडेपेटी, जेवणाचा डबा, पाण्याची बाटली टेबलावर ठेवा आणि वरून जसं दिसतं तसं काढायला सांगा. मोठी माणसंही बाटली बाजूने काढतात. वरून बघणं ही सवय आहे आणि ती तिसरीच्या मुलाला लावायची असेल तर आधी शिक्षकाला हवी.

मग वर्गखोली, मग आवार. टेपने मोजण्याआधी पावलांनी मोजा. प्रत्येकाने २० मीटर अंतर तीनदा चालायचं, पावलं मोजायची, सरासरी काढायची. माझ्या वर्गात बहुतेकांचं पाऊल सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटरचं भरतं. एकदा आपलं पाऊल कळलं की शाळेपासून एस.टी. स्टँडपर्यंतचा रस्ता टेप नसतानाही मोजता येतो. प्रमाणही इथेच समजतं : आवार ६० मीटर लांब, कागद ३० सेंटिमीटरचा, मग कागदावरच्या १ सेंटिमीटरला जमिनीवरचे किती मीटर?

शीर्षक, दिशा, सूची, प्रमाण हे नकाशाचे घटक फळ्यावर लिहून पाठ करून घेऊ नका. गट पाडा. प्रत्येक गटाने आवाराचा नकाशा काढून त्यात एक चिठ्ठी लपवल्याची जागा दाखवायची आणि तो दुसऱ्या गटाला द्यायचा. बोलायचं नाही. ज्यांच्या नकाशात दिशा नाही त्यांची चिठ्ठी सापडत नाही. ज्यांनी झाड आणि नळ दोन्ही गोल काढले पण सूची दिली नाही, त्यांचे सोबती नळापाशी खणत बसतात. हे घटक का लागतात हे त्यानंतर सांगावंच लागत नाही.

आता जिल्ह्याचा छापील नकाशा घ्या आणि तो भिंतीवरून काढून जमिनीवर पसरा, आपण आखलेल्या उत्तर-दक्षिण रेषेला लावून. छात्राध्यापकांनी नकाशातल्या साताऱ्यापाशी उभं राहायचं आणि मी नावं घेईन तिकडे हात करायचा : महाबळेश्वर, फलटण, दहिवडी, कऱ्हाड, पाटण. हात आधी कागदावर आणि मग तसाच उचलून क्षितिजाकडे. महाबळेश्वर वायव्येला, दहिवडी जवळजवळ सरळ पूर्वेला. नकाशातली दिशा आणि खरी दिशा एकच आहेत, हे त्या उचललेल्या हाताने कळतं. मी छात्राध्यापकांना बजावून सांगते : तिसरी-चौथीच्या वर्गात नकाशा पहिले काही तास जमिनीवरच ठेवा. भिंतीवर टांगायचा तो मुलांना दिशा कळल्यावर.

इथे एक व्यवहाराची सूचना. देशाचा किंवा राज्याचा नकाशा इंटरनेटवरून घेताना सीमा तपासा. भारतीय सर्वेक्षण विभागाने दिलेल्या सीमारेषा हाच आपला आधार. बाहेरच्या संकेतस्थळांवरच्या नकाशांत त्या वेगळ्या दाखवलेल्या असतात आणि तसा नकाशा वर्गात लावणं चुकीचं आहे.

जुना नकाशाही कामाचा

जिल्हा परिषदेच्या शाळांत भिंतीवरचे नकाशे जुने, कडा फाटलेले असतात. ते टाकून देऊ नका. छात्राध्यापकांना एकच प्रश्न द्या : हा नकाशा साधारण कोणत्या वर्षाचा? महाराष्ट्रात पालघर वेगळा दिसत नसेल तर तो १ ऑगस्ट २०१४ पूर्वीचा. हिंगोली आणि गोंदिया नसतील तर १९९९ च्या आधीचा, वाशिम आणि नंदुरबारही नसतील तर १९९८ च्या आधीचा. भारताच्या नकाशात तेलंगण नाही म्हणजे जून २०१४ पूर्वीचा, छत्तीसगड, झारखंड, उत्तराखंड नाहीत म्हणजे २००० च्या आधीचा. लडाख वेगळं दाखवलं असेल तर ऑक्टोबर २०१९ नंतरचा. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावं आहेत की जुनी, तेही बघायचं. पाठांतराने कंटाळलेले विद्यार्थीसुद्धा या कामात रमतात आणि ३६ जिल्हे वहीत न लिहिता तोंडी येतात. नावं पाठ असायला हवीत याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती कामाच्या ओघात यावीत, इतकंच.

उंच-सखल

समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, हा बहुतेकांचा भीतीचा विषय. घमेल्यात मळलेल्या मातीची टेकडी करा, एक बाजू उभी, एक बाजू उतरती. घमेल्यात बोटभर पाणी ओता, पाण्याच्या कडेने टेकडीवर काडीने रेघ मारा. आणखी बोटभर ओता, पुन्हा रेघ. टेकडी बुडेपर्यंत हे करायचं. पाणी काढून टाकलं आणि वरून पाहिलं की उभ्या बाजूच्या रेघा जवळजवळ, उतरत्या बाजूच्या दूरदूर दिसतात. मग त्याच टेकडीवर झारीने पाणी शिंपडा. पाणी कोणत्या घळीतून येतं, दोन उतारांमधली धार कुठे आहे, हे दिसलं की पाणलोट म्हणजे काय ते समजतं.

त्यानंतर अजिंक्यताऱ्यावर जा. बरोबर भारतीय सर्वेक्षण विभागाचा १ : ५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा न्या. पश्चिमेला यवतेश्वरचा सडा, पूर्वेला जरंडेश्वरचा डोंगर, पायथ्याशी शहर. प्रत्येकाने आधी डोळ्यांनी दिसतं ते रेखाटायचं, नकाशा नंतर उघडायचा. तपकिरी रेषा उंचीच्या, निळा रंग पाण्याचा, पिवळा शेतीचा, हे समोरच्या दृश्याशी ताडून बघायचं. यवतेश्वरचा माथा इतका सपाट का, शहर इथेच का वसलं, रस्ता सरळ न जाता वळसे का घेतो? या प्रश्नांची उत्तरं मी देत नाही. खाली उतरल्यावर तासभर चर्चा होते आणि तीच माझ्या दृष्टीने सहलीची किंमत.

गावचा नकाशाही मिळवा. तलाठी कार्यालयात तो असतो, ऑनलाइनही पाहता येतो. शिव, गावठाण, ओढा, पाणंद, गट नंबर ही शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांच्या रोजच्या बोलण्यातली नावं. तुमच्या वर्गातल्या एखाद्या छात्राध्यापिकेचे वडील बांधाच्या मोजणीसाठी मोजणीदाराबरोबर उभे राहिलेले असतात. तिला बोलायला सांगा. नकाशाच्या एका रेघेला घरात काय वजन असतं, हे तिच्याइतकं चांगलं मी सांगू शकणार नाही.

पाऊस

पाऊस शिकवायला सातारा जिल्हा ही फार मोठी देणगी आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या दहिवडीकडे पाचशेच्या आसपास. घाटमाथा आणि पर्जन्यछाया (डोंगरापलीकडचा कमी पावसाचा भाग) हे शब्द शिकवण्याआधी या दोन गावांचे छात्राध्यापक शेजारी बसवा आणि घरचं छप्पर, पीक, जनावरांचा चारा, पिण्याचं पाणी यावर बोलू द्या.

पर्जन्यमापक बाटलीचा करा, पण नीट करा. बाटलीचा तळ खोलगट-उंचवट असतो. त्यात खडी घालून सपाट होईपर्यंत पाणी ओता आणि तिथे शून्याची रेघ मारा. वरचा भाग कापून उलटा बसवा, तोंडाची रुंदी आणि अंगाची रुंदी सारखी ठेवा. झाड आणि भिंतीपासून लांब ठेवा. हवामान खातं सकाळी साडेआठला चोवीस तासांची नोंद घेतं. शाळेत ते जमलं नाही तर रोज एकच वेळ ठरवा आणि ती नोंदीशेजारी लिहा.

मिलिमीटर या एककाचा अर्थ मात्र आकड्यात सांगा. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. वर्गखोलीचं छप्पर ५० चौरस मीटर असेल आणि एका रात्रीत २० मिलिमीटर पाऊस झाला, तर छपरावरून १,००० लिटर पाणी वाहून गेलं, म्हणजे अख्खी एक टाकी. दहिवडीकडच्या कोरड्या माण तालुक्यातल्या छात्राध्यापकांचा चेहरा या हिशोबाला बदलतो.

मग नद्या. कृष्णेच्या उगमापासून अरबी समुद्र सरळ रेषेत ६५ किलोमीटरच्या आसपास, तरी ती सुमारे १,४०० किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. का? कोयना उगमाजवळून दक्षिणेकडे जाते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते, कऱ्हाडला कृष्णेच्या समोर येऊन मिळते आणि दोघी मिळून पूर्वेकडे निघतात. पण कोयनेच्या जलाशयातलं काही पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरतं, वीज तयार करतं आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्रात जातं. एकाच नदीचं पाणी दोन समुद्रांना कसं जातं, हा प्रश्न देऊन त्यांना नकाशासमोर बसवा. ‘नदी नकाशात वरून खाली वाहते’ हा समज अजून शिल्लक असेल तर चंबळ, बेतवा, शोण या उत्तरेकडे वाहणाऱ्या नद्या बोटाने गिरवायला सांगा.

पृथ्वीगोलावर मी फार वेळ घालवत नाही, पण दोन गोष्टी करतेच. ३० सेंटिमीटरच्या गोलावर एव्हरेस्टची उंची काढायला सांगते. ती पाव मिलिमीटरही भरत नाही. आणि ऋतू अंतरामुळे होत नाहीत हे आकड्यांनी दाखवते : जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते, जुलैत १५.२ कोटींवर. कारण आहे आसाच्या कलण्यात, आणि ते सावलीच्या नोंदींनी त्यांनी आधीच पाहिलेलं असतं.

माणसं

भूगोल म्हणजे डोंगर-नद्याच, असं समजून बरेच जण इथे थांबतात. आठवडी बाजारात एक फेरी ठेवा. प्रत्येक जोडीने चार-पाच विक्रेत्यांना विचारायचं : माल कुठून आला, कशाने आला, उरला तर कुठे जाणार. संध्याकाळी ही गावं नकाशावर मांडली की कोरेगावचा वाघ्या घेवडा, वाईची हळद, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि परराज्यातून आलेलं सफरचंद यांच्या वाटा दिसतात. विक्रेत्याचं गिऱ्हाईक खोळंबणार नाही अशा वेळी जा आणि काहीतरी विकत घ्या.

ऊस गाळप सुरू झालं की आमच्या भागातल्या शाळांत बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबांची मुलं बसतात. हंगाम संपला की ती जातात. अशा मुलाला मागच्या बाकावर वही देऊन बसवलेलं मी पाहिलं आहे आणि ते मला सहन होत नाही. वर्गातल्या बाकीच्या मुलांनी तालुक्याबाहेर पाऊल टाकलेलं नसतं, या मुलाने जिल्हे ओलांडलेले असतात. त्याला गावापासून फडापर्यंतची वाट काढायला सांगा : कोणती नदी लागली, कुठे मुक्काम झाला, माती कुठे बदलली. छात्राध्यापकांना मी हे आंतरवासितेआधीच, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष सरावाला जाण्याआधीच, सांगून ठेवते. फक्त मुलाला ते सांगावंसं वाटलं पाहिजे, त्याच्यावर जबरदस्ती नको.

टाचण आणि पाठ निरीक्षण

इतकं झाल्यावर टाचणवही उघडा. भूगोलाच्या टाचणात मी प्रथम प्रश्न वाचते, उद्दिष्टं नंतर. निदान एक प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर पुस्तक न उघडता, खिडकीबाहेर बघून किंवा घरी विचारून देता येईल. ‘आपल्या जिल्ह्यातील प्रमुख नद्या कोणत्या?’ याच्या आधी ‘तुमच्या घराच्या छपरावरचं पाणी पावसाळ्यात कुठून कुठे जातं?’ हा प्रश्न यायला हवा. छप्पर, गटार, ओढा, वेण्णा, माहुलीच्या संगमावर कृष्णा. मुलं नदीपर्यंत स्वतः येतात. बालभारतीने तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यागणिक वेगळं काढलं, त्यामागचा विचार हाच होता. सातारच्या छात्राध्यापकाला उद्या नंदुरबारला नेमणूक मिळाली तर तिथलं पुस्तक आधी महिनाभर वाचून, तालुका फिरून मगच वर्गात जायचं, हेही सांगून ठेवा.

निरीक्षण करताना मी मागे न बसता खिडकीशी बसते. छात्राध्यापक दिशा सांगताना खऱ्या दिशेला हात करतो का? ‘वर’ आणि ‘उत्तर’ यांची गल्लत होते का? नकाशावर नदी दाखवताना बोट उगमाकडून मुखाकडे जातं की उलट? मुलाने चुकीचं उत्तर दिलं तर ‘चूक’ म्हणून पुढच्याला उठवतो की ‘तुला असं का वाटलं?’ म्हणतो? शेवटचं मला सर्वांत महत्त्वाचं. नदी खालून वर वाहते असं म्हणणाऱ्या मुलाच्या डोक्यात काहीतरी कारण असतं. ते ऐकल्याशिवाय पुढचा पाठ बांधता येत नाही.

जावळी, पाटणच्या डोंगरातल्या शाळा द्विशिक्षकी आहेत, दोन-दोन इयत्ता एका खोलीत. म्हणून निदान एक सराव पाठ दोन इयत्ता एकत्र घेऊन द्यायला लावा. सावलीचा उपक्रम यासाठी उत्तम : तिसरीची मुलं खडे ठेवतील, चौथीची लांबी मोजून तक्ता करतील, शिक्षक दोघांत फिरेल. रबरी शिक्क्याने नकाशा उमटवून ‘भरा’ म्हणणं सोपं आहे आणि परीक्षेपुरतं ते असू द्यावं. पण शिक्षकाचा सगळा तास त्यावर गेला तर त्या पाठाला मी गुण देत नाही.

आंतरवासितेला निघताना प्रत्येकाकडे पिशवीत सुतळी, खडू, टेप, ओळंबा आणि ट्रेसिंग पेपर असायला हवेत. शाळेत पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात आवारात उत्तर-दक्षिण रेषा आखायची, गावाचा नकाशा मुलांकडून काढून घ्यायचा आणि परत येताना तो शाळेतच ठेवायचा. मी नोंदी बघते. तोंडी परीक्षा मैदानात घेते आणि पहिला प्रश्न बहुतेकदा असतो, ‘या शाळेच्या छपरावरचं पाणी कोणत्या समुद्राला जातं, दाखव.’